उजवा बूट

३ सप्टेंबर

धाकट्या भावाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. ही वही प्रयोगशाळेतली, पाण्याच्या नमुन्यांसाठी आलेली. मन मोकळं करायला वगैरे लिहीत नाही. बुटांच्या नोंदी ठेवायच्या आहेत आणि त्या कामावरच्या रजिस्टरात ठेवता येत नाहीत, एवढंच.

संध्याकाळी भाची आली. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, "आत्या, बाबांची गळाची काठी कुठं ठेवलीस?"

"माळ्यावर. का?"

"वीस ऑक्टोबरच्या सुमारास पाणी निवळतं. मी खडकावर जाणार आहे."

ज्या खडकावरून बाप घसरला त्याच खडकावर. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "तुला काही वाटतं की नाही?"

"वाटतं म्हणूनच जायचंय. सहा वर्षांची होते तेव्हापासून जाते तिथं. यंदा नाही गेले तर पुन्हा कधीच जाणार नाही, आणि ते भीतीनं सोडल्यासारखं होईल."

ही मुलगी सात वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली. धाकटा तिला घेऊन माझ्याकडे आला, तो इथंच राहिला. अठरा वर्षं झाली. आता ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करते, दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहते. हट्ट कुणाचा घेतलाय देव जाणे. बापाचा तर नाही. तो म्हणजे पाण्यात मीठ, टाकलं की विरघळलं.

मी नाही म्हटलं तर माळ्यावरचे बापाचे जुने बूट दोन मोजे चढवून घालून जाईन, म्हणाली. मी म्हटलं, मग बूट मी निवडणार. कबूल झाली.

मला मासे धरण्याचीच किळस आहे, ती आजची नाही. फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यात धाकट्याने आमिषाला ठेवलेले वळवळणारे किडे मी स्वतः पाहिले आहेत. पण बूट निवडले पाहिजेत. नाहीतर ती जाईल तशीच.

५ सप्टेंबर

दुकानात गेले. आत शिरताच रबर, डिंक आणि आमिषाचा मिळून एक वास, जो केसांत बसतो. दुकानदाराने मला ओळखलं. एका दमात म्हणाला, "फार वाईट झालं हो ताई, देवमाणूस, कोणता नंबर दाखवू?"

त्याने बूट काचेवर मांडले आणि भाषण सुरू केलं. साधा रबरी तळ शेवाळावर लोण्यासारखा सरकतो. नमद्याचा तळ, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, शेवाळ धरतो पण लवकर झिजतो आणि दिवसदिवस ओला राहतो. खिळ्यांचा तळ खडकाला चावतो. लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात गंजतात, म्हणून टोकाला कठीण धातू हवा. काही तळ नुसते चिकटवलेले, काही शिवलेले. एवढं सांगताना मध्ये दोनदा फोन घेतला आणि एकदा दात कोरले.

मी विचारलं, "माझ्या भावाला तुम्ही कोणते दिले होते?"

"हेच. चिकटवलेले, खिळ्यांचे. चांगला माल आहे ताई. पण त्यांना काय पुरतच नव्हते. गेल्या चार वर्षांतच चार जोड नेले. मी म्हणायचो, अहो साहेब, बूट घालता का शिजवता? हसायचे नुसते. म्हणायचे, आमच्या घरात जंतूंची मोठी अधिकारी आहे."

म्हणजे हा माणूस दर वर्षी निकामी माल गळ्यात मारत होता आणि वर थट्टाही करत होता. धाकटा हसत होता. त्याला कुणीही टोपी घालावी.

तीन जोड घेतले, भाचीच्या पायाचे, मोज्यासाठी एक नंबर मोठे. चिकटवलेला खिळ्यांचा, नमद्याला खिळे मारलेला, आणि शिवलेल्या तळाचा, ज्याचे खिळे स्क्रूसारखे फिरवून बदलता येतात. परत घेणार नाही, म्हणाला. म्हटलं, मागितलंय कुणी?

९ सप्टेंबर

बूट हातात घेऊन वाकवून काही कळत नाही. चाचणी घेतली पाहिजे. भाचीला सांगितलं, किनाऱ्यावरून शेवाळासकट एक दगड आण. तिने बादलीतून परातीएवढी चपटी शिळा आणली, समुद्राच्या पाण्यात बुडवून. आता ती माझ्या न्हाणीघरात आहे.

शेवाळ मी रोज बघते. जलशुद्धीकरण केंद्रात माझं कामच ते. पण तिथं ते काचपट्टीवर असतं, हिरवं, नेटकं, मोजण्याजोगं. इथं ते हाताला लागतं. शेंबडासारखं. त्यात काहीतरी चालत होतं. दोनदा बाहेर येऊन उभी राहिले.

१२ सप्टेंबर

पद्धत बसवली. बुटात पाच किलो वाळूची पिशवी, लेसला ताणकाटा अडकवायचा आणि बूट शिळेवर सरकेपर्यंत ओढायचा. सरकला की आकडा वाचायचा. दर बुटाला दहा वेळा, मग सरासरी. धाकट्याची घरात घालायची रबरी चप्पलही ओढून पाहिली, सव्वा किलोला सरकली. खिळ्यांचे दोन्ही साडेतीनच्या आसपास. नमदा आणि खिळे, जवळजवळ चार.

भाची दारात उभी राहून बघत होती. "आत्या, दगडाला विचार, अजून काही हवंय का म्हणून." मी हसले नाही. जाताना चिकटवलेल्या जोडातला डावा बूट घेऊन गेली. लहानपणी तिचा डावा पाय मोडला होता, तो जरा रुंद आहे. खोलीत घालून फिरते, चावतो का बघते, म्हणाली. त्यामुळे पुढच्या चाचण्या सगळ्यांच्या उजव्या बुटावरच.

प्रत्येक चाचणीनंतर बूट धुतले. कडकडीत पाणी, दोन चमचे ब्लिचिंग पावडर, अर्धा तास भिजत, ब्रश, आणि मग हिटरसमोर कोरडे खट्ट होईपर्यंत. त्याशिवाय घरात ठेवणं शक्य नाही. धाकट्याचे मी दर रविवारी असेच धुवायचे. तो दारात बसून बघायचा. पोलिसांनी पिशवीतून दिले तेही त्याच दिवशी धुतले. उजव्याचा तळ अर्धा सुटून लोंबत होता. तरी धुतले.

१७ सप्टेंबर

किनाऱ्यावर गेले. धाकट्याबरोबर मासे धरणारा एक म्हातारा आहे, त्याला सगळे कप्तान म्हणतात, कारण तो कधी होडीत बसलेला नाही. त्या दिवशी तोच जवळ होता. तोंडाला आमिषाचा वास, नखांत काळं. मी चार हात लांब उभी राहिले.

"सांगू का नको?" म्हणाला.

"सांगा."

"उजव्या पायाचा तळ सुटला, ताई. जिभेगत लोंबला आणि पायाखाली दुमडला. मी ओरडलो, बस खाली! बसायला वेळ कुठं मिळाला. लाट आलीच."

मी विचारलं, वेदना झाल्या असतील का. तो म्हणाला, डोकं आधी लागलं. 

त्याचे बूट पाहिले. तोच कारखाना, तोच चिकटवलेला प्रकार. किती वर्षं झाली? सहा. तळ घट्ट. वर माशांचे खवले वाळून चिकटलेले, आतून काय येत होतं ते लिहवत नाही. विचारलं, "हे धुता कधी?"

"धुवायचे कशाला? लाटा धुतात की. घरी गेलो की बाहेर पायरीवर फेकायचे. बायको आत घेत नाही. मलाच कशीबशी घेते."

असल्या घाणीत सहा वर्षं टिकलेला बूट म्हणजे निव्वळ नशीब. शंभरात एखादा चांगला निघतो तो नेमका या माणसाला मिळाला. आणि धाकट्याला चारही वाईट.

२५ सप्टेंबर

चिकटवलेल्या उजव्या बुटाच्या टाचेशी फट. नख जातं. फक्त सहा धुण्यांत. माझं बरोबर होतं.

कामावर ऑपरेटर म्हणाला, "बाई, हल्ली रजिस्टरात तुमचं अक्षर वाकडं येतंय. रजा टाका." मी त्याला त्याच्या पंपांच्या मोटारींकडे बघायला सांगितलं.

२९ सप्टेंबर

नमद्याचा तळ आज पुढून सोलून आला, फोडाची कातडी यावी तसा. खिळ्यांच्या कडेने गंज, त्याचं तांबडं पाणी नमद्यात उतरलेलं.  चार किलोचा आकडा काय चाटायचाय?

दोन्ही बूट पिशवीत घालून तडक दुकानात. मी आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोललेली नाही. आज बोलले. दोन गिऱ्हाइकं होती, ती भिंतीवरच्या काठ्या बघू लागली. म्हटलं, "एक माणूस गेलाय तुमच्या या मालापायी. आता त्याची मुलगी हेच घालणार होती."

दुकानदाराने बूट उलटेपालटे केले. तळाचा वास घेतला. दात कोरायचा थांबला.

"ताई, हे कुठं ठेवले होते?"

"घरात. स्वच्छ ठेवले होते."

"तेच विचारतोय मी. स्वच्छ म्हणजे कसे?"

चोर तो चोर, वर शिरजोर. पिशवी उचलली आणि निघाले. मागून म्हणाला, "ताई, बसा तरी, पाणी घ्या." त्याच्या हातचं पाणी!

३ ऑक्टोबर

भाची डावा बूट परत घेऊन आली. तीन आठवडे वापरला म्हणे, खोलीत, जिन्यावर, दोनदा किनाऱ्यावर, खडकावर नाही, वाळूकडेच्या दगडांवर. एका पायात बूट, एका पायात चप्पल. लोक बघत होते म्हणाली. मीठ वाळून वर पांढरे डाग पडलेले. मी लगेच हात पुढे केला, आण इकडे, धुते.

"राहू दे गं."

टेबलावर वर्तमानपत्र घालून तिने तो उजव्याशेजारी ठेवला. डाव्याचा तळ जसाच्या तसा. मी वाकवला, पिळला, टाचेशी नख घालून पाहिलं. फट नाही.

ती दोन्ही बुटांकडे बघत राहिली. मग घाईने उजवा उचलून पिशवीत कोंबला. "उजवा खराब निघाला असेल. कारखान्यात होतं असं, आमच्याकडे पण होतं. एक कवळी बरी, एक वाकडी. चल, चहा टाक."

चहा टाकला. ती फार बोलली आज. कारखान्यातल्या गमती, घरमालकिणीची मांजर. एरवी एवढी बोलत नाही.

४ ऑक्टोबर

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला शिकवलं होतं की नमुन्याशेजारी एक नमुना असा ठेवायचा ज्याला काहीच करायचं नाही. त्याशिवाय केलेली चाचणी ही चाचणी नव्हे.

दोन बूट. एक कारखाना, एक पेटी, एकच दिवस. एकाला मी हात लावला, एकाला लावला नाही.

७ ऑक्टोबर

तीन दिवस कामावर गेले नाही.

आज बुटांच्या पेट्या काढल्या. प्रत्येकीत एक घडीचा कागद होता, आणला त्या दिवशी न वाचता खणात टाकला होता. तिन्हींवर तेच छापलेलं. गार पाण्याने धुवावे. सावलीत वाळवावे. उष्णता देऊ नये. क्लोरीन असलेला कोणताही पदार्थ वापरू नये.

अठरा वर्षांत धाकट्याच्या एकाही पेटीत असा कागद नव्हता. रिकाम्या पेट्या मीच फोडून रद्दीत घालायचे, म्हणून मला नक्की माहीत आहे. तेव्हा छापत नसतील.

मी दर रविवारी, अठरा वर्षं. आणि शेवटच्या रविवारीही. ब्लिचिंग पावडर जुनी झाली होती म्हणून दोनऐवजी तीन चमचे घातले होते.

दुपारी न्हाणीघरातली शिळा बाहेर काढायला वाकले. शेवाळ मरून पांढरं पडलं होतं, तरी ओकारी आली नाही. हाताला ब्लिचिंगचा वास होता, त्याने आली. कितीही धुतले तरी जात नाही. आणि धुवायचे तरी कशाने?

११ ऑक्टोबर

दुकानदाराकडे जायला हवं. गेले नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

शिवलेला जोडच घ्यायचा हे ठरलं. माझ्या हातून सहा धुणी होऊनही त्याचे टाके सुटले नाहीत. पण रबर कडक झालंय, कडेला बारीक चिरा आहेत. म्हणजे नवा आणला पाहिजे, माझा हात न लागलेला.

आणि तो नवा जोड भाचीच्या हातात देताना काय सांगायचं? गार पाण्याने धू, एवढं सांगून भागेल का? ती विचारेल, मग बाबांचे कसे धुवायचीस. नाही विचारलं तर ओले बूट घेऊन रविवारी इथंच येईल, बाप यायचा तसा, आणि मी हात पुढे करीन. माझा मलाच भरवसा नाही. परवा सगळं समजल्यानंतरसुद्धा मी माझ्या चपला कडकडीत पाण्यात टाकल्या.

१३ ऑक्टोबर

दुकानात गेले. म्हटलं, "तुमच्या मालात दोष नव्हता."

तो म्हणाला, "बरं." एवढंच. शिवलेला जोड काढून दिला. वर चार जादा खिळे आणि ते फिरवायची किल्ली दिली. त्या माणसाने काहीच टोमणा मारला नाही ते मला फार लागलं.

१६ ऑक्टोबर

भाचीला बोलावलं. बूट टेबलावर ठेवले. बसायच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, आकड्यांसकट. तळ माझ्यामुळे सुटला. कप्तानाने पाहिलंय. मी बापाला मारलं तुझ्या.

ती बराच वेळ लेस ओवत बसली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"त्या दिवशी बूट पाहिलेस तेव्हा?"

"नाही गं. आधीपासून. बाबांनाही माहीत होतं."

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.

"मी दहावीत होते तेव्हा एकदा म्हणाले ते तुला. ताई, बुटांना गरम पाणी नको गं, दुकानवाला ओरडतो. तू आठ दिवस कुणाशी बोलली नाहीस. ताटं वाढून आत जायचीस, दार लावून घ्यायचीस. मग बाबा मला म्हणाले, जाऊ दे, बूट काय, दुसरे येतात. ताई कुठून आणायची? दर वर्षी फाटायच्या आत बदलायचे. यंदा त्यांचा नंबर दुकानात आला नव्हता. फोन करत होते सारखे."

मला हे आठवत नाही. कितीही ताण दिला तरी ते आठ दिवस आठवत नाहीत. मी अबोला धरणारी बाई नाही. मी मुळातच कमी बोलते.

रात्रीचं जेवण झालं नाही. मला धाकट्याचा राग आला आहे. राग हा शब्द बरोबर नाही, किळस आली आहे, त्या गोड स्वभावाची. बायको सामान बांधत होती तेव्हाही हा तिला पिशव्या धरायला गेला होता. एकदा तरी बूट हिसकावून घ्यायचे होते माझ्या हातातून! एकदा तरी म्हणायचं होतं, ताई, पुरे. अशा शहाणपणाला काय जाळायचं आहे? आणि मी. दारामागे बसून जिंकत होते मी.

२० ऑक्टोबर

पाणी निवळलं. पहाटे उठून तिच्याबरोबर गेले. येऊ नकोस म्हणाली, तरी गेले. खडकाच्या वरच्या, कोरड्या भागात उभी राहिले. ती खाली उतरली. खिळ्यांचा आवाज वरपर्यंत येत होता, पाटीवर पेन्सिल ओढावी तसा. दर पावलाला आधी पाय ठेवायची, दाबायची, मग भार द्यायची. माझे दात आवळलेले होते ते नंतर कळलं, जबडा दुखायला लागल्यावर.

कप्तान खाली होता. तो तिला कुठं उभं राहायचं ते दाखवत होता आणि ती त्याचं न ऐकता तिला हवं तिथं उभी राहत होती. "बापानं ऐकलं असतं!" तो वर बघून मला ओरडून म्हणाला.

तीन तासांत दोन मासे. एकाने तोंड उघडबंद केलं बराच वेळ, मी बघितलं नाही. नऊच्या सुमारास ती वर आली. बुटांना शेवाळाच्या लडी, टाचेवर माशाचं रक्त, आत पाणी पचपचत होतं. घाण वास. तिने ते काढून दगडावर ठेवले आणि पाय पुसू लागली. मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या हाताने बूट उचलले आणि पिशवीत घालायला घेतले.

"आत्या! ठेव ते खाली!"

केवढ्याने ओरडली. कप्तानाने मान वळवली. वाळूवर दोन माणसं चालत होती, ती थांबली.

"अगं, नुसते घरी न्यायला..."

"हात लावायचा नाही म्हटलं ना? कळत नाही का तुला? ठेव!"

चेहरा तापला माझा. वयाने दुप्पट आहे मी तिच्या. हिची अंगडीटोपडी धुतली आहेत मी. तोंड फिरवून तशीच निघून जावं असं वाटलं, पायही उचलला होता. घरी जावं, दार लावून घ्यावं.

बूट खाली ठेवले.

"मग तूच धू," मी म्हटलं.

"मीच धुणार. गार पाण्यानं. आणि चिडलीयस ना, तर चीड. इथंच बसून चीड. आत जायचं नाही."

इथं आत कुठं असतं, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. ती अनवाणीच बादली घेऊन पाणी आणायला गेली. मी खाली बसले. दगड ओला होता, त्यावर काहीतरी बुळबुळीत होतं, ते कपड्यांना लागलं. ती दोन खेपा करून येईपर्यंत मी उठले नाही.